होमोसिस्टीनची साक्ष किती ग्राह्य?

रक्ताच्या एकाच नमुन्यात साठ-सत्तर चाचण्या करून देणारी ‘पॅकेजे’ आता तालुक्याच्या गावीही मिळू लागली आहेत. साखर, कोलेस्टेरॉल, क्रिॲटिनिन ही त्यातली नावे आपल्या ओळखीची असतात. त्यांच्याच रांगेत पुष्कळदा ‘होमोसिस्टीन’ असे एक नाव दिसते, आणि ते बहुधा ‘हृदय’ या शीर्षकाखाली असते. आकडा पंधराच्या वर गेला की तो ठळक अक्षरांत छापला जातो. रिपोर्ट हातात घेतलेला माणूस हादरतो, कोणीतरी त्याला फोलिक ॲसिडच्या गोळ्या सुचवते, तीन महिन्यांनी आकडा उतरतो आणि सगळ्यांना समाधान वाटते.

या व्यवहारामागे एक मोठा दावा आहे. रक्तातले किंवा लघवीतले लहान रेणू मोजले की दीर्घकाळ चालणारे आजार लवकर ओळखता येतील, आणि ज्याच्या त्याच्या आकड्यानुसार ज्याला त्याला वेगळा, नेमका उपचार देता येईल, असा तो दावा. अशा रेणूंना ‘बायोमार्कर’ म्हणतात. आपण त्यांना खुणेचे रेणू म्हणू. दावा पूर्ण खोटा नाही, काही ठिकाणी तर तो अक्षरशः खरा ठरलेला आहे. पण तो सरसकट केला जातो तेव्हा त्याची झडती घेणे भाग आहे. ही झडती हवेत घेण्यापेक्षा एकच रेणू निवडू आणि त्याच्या मागे मागे जाऊ. होमोसिस्टीन त्यासाठी फार सोयीचा आहे. या एकाच रेणूच्या चरित्रात दाव्याचे यश आहे, अपयश आहे, आणि आपल्या पुण्याचा एक धडाही आहे.

रेणू कसा आहे?

आधी आकाराची कल्पना घेऊ. रक्तातल्या हिमोग्लोबिनचे रेणुवस्तुमान सुमारे ६४,५००, ग्लुकोजचे १८० आणि होमोसिस्टीनचे १३५. म्हणजे हिमोग्लोबिन हा वाडा मानला तर होमोसिस्टीन ही त्यातली एक वीट. सिस्टीन हे गंधक असलेले अमिनो आम्ल आपल्या प्रथिनांत असते. त्याच्या साखळीत एक मिथिलीन गट जास्त घातला की होमोसिस्टीन होते. हा रेणू पहिल्यांदा ओळखला गेला १९३२ मध्ये, अमेरिकेत व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांच्या प्रयोगशाळेत. (गंधकयुक्त जैवरेणूंवरच्या कामासाठी त्यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.)

होमोसिस्टीन आपण खात नाही, ते शरीरातच तयार होते. डाळी, दूध, अंडी, मांस यांतून मिथिओनिन नावाचे अमिनो आम्ल येते. शरीरात ठिकठिकाणी एक-कार्बनी मिथिल गट पुरवण्याचे काम मिथिओनिन करते, आणि मिथिल गट देऊन टाकल्यावर जे उरते ते होमोसिस्टीन. त्याला पुढे दोन वाटा असतात. एक वाट परतीची: फोलेटकडून नवा मिथिल गट घ्यायचा आणि पुन्हा मिथिओनिन व्हायचे. या वाटेवर काम करणाऱ्या विकराला जीवनसत्त्व बी-१२ लागते. दुसरी वाट पुढची: सिस्टीनकडे जाणारी. तिथल्या विकराला जीवनसत्त्व बी-६ लागते. यांपैकी कोणतीही वाट तुंबली की होमोसिस्टीन साठते आणि रक्तात उतरते. निरोगी माणसाच्या रक्तात ते लीटरला साधारण ५ ते १५ मायक्रोमोल असते.

फळ्यावर हे दोन वाटांचे चित्र काढून ठेवावे. पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. एवढ्यावरूनच एक गोष्ट ध्यानात येते. होमोसिस्टीन वाढले याचा अर्थ कुठेतरी तुंबले आहे. कुठे तुंबले, हे मात्र तो आकडा सांगत नाही.

दोन मुले आणि एक तर्क

१९६२ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये, बौद्धिक वाढ मागे पडलेल्या मुलांच्या लघवीची तपासणी करताना कार्सन आणि नील या संशोधकांना काहींच्या लघवीत भरपूर होमोसिस्टीन सापडले. त्या आजाराला होमोसिस्टिन्युरिया म्हणतात. दुसऱ्या वाटेवरचे, म्हणजे बी-६ वापरणारे विकर जन्मतःच सदोष असले की तो होतो. डोळ्यातले भिंग जागेवरून सरकते, हाडे लांब आणि ठिसूळ होतात, आणि लहान वयात रक्ताच्या गुठळ्या होऊन मृत्यूही येतो.

किल्मर मॅककली हे बॉस्टनमधले विकृतिशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९६९ मध्ये दोन मुलांच्या शवविच्छेदनाचे नमुने शेजारी शेजारी ठेवले. पहिला मुलगा आठ वर्षांचा. तो १९३३ मध्येच मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या विकाराने दगावला होता, आणि एवढ्याशा वयात धमन्या म्हाताऱ्यासारख्या जाड झालेल्या पाहून त्या वेळच्या डॉक्टरांनी ती केस छापून ठेवली होती. पुढे तीसेक वर्षांनी त्याच्या पुतणी-भाचीच्या नात्यातल्या एका मुलीत होमोसिस्टिन्युरिया सापडला आणि जुन्या कोड्याचा उलगडा झाला. दुसरे बाळ अवघे दोन महिन्यांचे. त्याचा दोष पहिल्या वाटेवर, बी-१२ च्या वापरात होता. त्याच्याही धमन्या तशाच जाड झालेल्या.

मॅककलींचा तर्क विद्यार्थ्यांना जरूर सांगावा, कारण शाळेत शिकवता येईल इतका तो स्वच्छ आहे. दोन आजारांत तुंबण्याची जागा वेगळी. पहिल्या आजारात मिथिओनिन वाढते, दुसऱ्यात ते कमी पडते. म्हणजे धमन्या बिघडवणारे मिथिओनिन नव्हे. दोघांत समान काय? फक्त वाढलेले होमोसिस्टीन. तेव्हा धमन्या तेच बिघडवत असणार. इथपर्यंत तर्क पक्का आहे. मॅककली आणखी एक पाऊल पुढे गेले: जन्मजात दोष नसलेल्या सामान्य माणसांच्या हृदयविकारातही होमोसिस्टीनचा हात असावा. हे पाऊल तर्काचे नव्हते, अंदाजाचे होते. अंदाज बांधायला हरकत काहीच नाही. त्याला पुरावा वेगळा लागतो, एवढेच.

तो काळ कोलेस्टेरॉलचा होता. मॅककलींच्या कल्पनेला फारसे कोणी विचारले नाही, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांना हार्वर्डमधली जागा सोडावी लागली. पुढे वारे फिरले तेव्हा ‘उपेक्षित संशोधक अखेर खरा ठरला’ ही कथा वृत्तपत्रांना फार आवडली. मला वाटते, या कथेच्या गोडीनेही थोडा घोटाळा केला. एखाद्यावर अन्याय झाला म्हणून त्याचे म्हणणे बरोबर ठरत नाही.

होमोसिस्टिन्युरियापुरते मात्र या रेणूने दाव्याचा शब्द न् शब्द खरा केला. या मुलांच्या रक्तातला आकडा बहुधा शंभराच्याही वर असतो, त्यामुळे निदान ठळक होते. निम्म्याच्या आसपास रुग्णांना बी-६ चे मोठे डोस लागू पडतात. बाकीच्यांना पडत नाहीत, त्यांना मिथिओनिन कमी असलेला आहार आणि बीटेन नावाचे औषध द्यावे लागते. कोण कोणत्या गटातला, हे बी-६ देऊन पुन्हा होमोसिस्टीन मोजले की कळते. ‘ज्याला त्याला वेगळा उपचार’ याचे याहून सरळ उदाहरण शोधावे लागेल. आणि त्याचा उपयोगही दिसला. अनेक केंद्रांतल्या १५८ रुग्णांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार नसता तर त्यांच्यात गुठळ्या व धमन्यांचे सुमारे ११२ प्रसंग अपेक्षित होते. प्रत्यक्षात घडले १७. गंमत अशी की उपचारानंतरही पुष्कळांचा आकडा सामान्याच्या कितीतरी पट होता. म्हणजे इथेही ‘आकडा पंधराच्या खाली आणा’ असा प्रश्न नव्हताच.

आकडा उतरला, पुढे काय?

आता वळू या सामान्य माणसाच्या हृदयाकडे. १९९५ मध्ये तोवरच्या अभ्यासांची एकत्र मांडणी प्रसिद्ध झाली. होमोसिस्टीन ५ मायक्रोमोलने वाढले तर हृदयधमनी विकाराची जोखीम, कोलेस्टेरॉल २० मिलिग्रॅमने वाढल्यावर जेवढी वाढते तेवढी वाढते, असा तिचा निष्कर्ष होता. फोलिक आम्ल स्वस्त, बिनधोक समजले जाणारे, आणि होमोसिस्टीन हमखास उतरवणारे. अमेरिकेत तर १९९८ पासून पिठात फोलिक आम्ल घालणे सक्तीचे झाले, पण ते बाळांच्या मज्जारज्जूतला जन्मदोष टाळण्यासाठी. आणि त्यासाठी ते उपयोगी ठरलेले आहे. हृदयासाठीही उपयोग होईल का, हे पाहायला मोठे प्रयोग सुरू झाले.

यांतला एक ‘होप-२’ या नावाने ओळखला जातो. २००६ मध्ये त्याचे निकाल आले. हृदयविकार किंवा मधुमेह असलेले ५,५२२ लोक. निम्म्यांना रोज फोलिक आम्ल, बी-६ आणि बी-१२ यांच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. कोणाला कोणत्या मिळतात हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. पाच वर्षे हे चालले. औषधाच्या गटात होमोसिस्टीन ठरल्याप्रमाणे उतरले. मग मोजले ते महत्त्वाचे: हृदयविकाराने मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात किती जणांना झाला? औषधाच्या गटात १८.८ टक्के, दुसऱ्या गटात १९.८ टक्के. हा फरक योगायोगाने सहज पडू शकेल इतका किरकोळ आहे. त्याच वर्षी नॉर्वेतल्या ३,७४९ रुग्णांवरचा प्रयोग छापून आला. तिथे फोलिक आम्ल आणि बी-१२ घेणाऱ्यांचे होमोसिस्टीन २७ टक्क्यांनी उतरले, पण झटके कमी झाले नाहीत. तिन्ही जीवनसत्त्वे एकत्र घेणाऱ्यांत ते उलट किंचित जास्तच दिसले. २०१० मध्ये ब्रिटनमधला बारा हजारांहून अधिक रुग्णांचा प्रयोगही याच ओळीत बसला.

न्यायाने सांगायचे तर एक वेगळा सूर आहे. पक्षाघाताच्या बाबतीत ‘होप-२’ मध्ये थोडी घट दिसली होती. २०१५ मध्ये चीनमधून २०,७०२ लोकांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. हे सगळे रक्तदाबाचे रुग्ण. ज्यांना रक्तदाबाच्या गोळीबरोबर फोलिक आम्ल मिळाले त्यांच्यात पहिल्या पक्षाघाताचे प्रमाण २.७ टक्के होते, ज्यांना नुसती रक्तदाबाची गोळी मिळाली त्यांच्यात ३.४ टक्के. चीनमध्ये पिठात फोलिक आम्ल घालत नव्हते, म्हणजे कमतरता असलेल्यांना फायदा झाला असे म्हणता येते. पण गणित करून पाहा: ०.७ टक्क्याचा फरक म्हणजे सुमारे १४० माणसांनी साडेचार वर्षे गोळी घ्यावी तेव्हा एकाचा पक्षाघात टळेल. ही लहान गोष्ट नाही. पण ‘हृदयाची चाचणी’ म्हणून होमोसिस्टीन विकणाऱ्यांना ती आधार देत नाही.

साक्षीदार कुठे उभा होता?

मग आधीच्या अभ्यासांत दिसलेला संबंध खोटा होता का? नाही. संबंध होता, तो कारणाचा होता असे मानले गेले, तिथे चूक झाली. कशी, ते पाहण्यासारखे आहे.

एक म्हणजे वेळ. आधी आजारी झालेल्यांचे रक्त तपासून निरोगी लोकांशी तुलना केली तर संबंध ठसठशीत दिसतो. निरोगी असताना रक्त घेऊन मग वर्षानुवर्षे वाट पाहिली तर तो बराच फिका होतो. २००२ मध्ये अशा अभ्यासांची जुळणी झाली तेव्हा होमोसिस्टीन २५ टक्क्यांनी कमी असण्याबरोबर हृदयविकाराची जोखीम जेमतेम ११ टक्क्यांनी कमी दिसली. म्हणजे संबंधाचा काही भाग आजारानेच निर्माण केलेला असणार.

दुसरी गोष्ट मूत्रपिंडाची. मूत्रपिंड मंदावले की होमोसिस्टीन चढते. मंदावलेल्या मूत्रपिंडाबरोबर हृदयविकाराचीही जोखीम वाढते. तेव्हा होमोसिस्टीन हा गुन्हेगार नसून मूत्रपिंडाच्या दुखण्याचा नुसता निरोप्या असू शकतो. निरोप्याला पिटाळून लावले म्हणून दुखणे जात नाही. (मूत्रपिंडाचा नेहमीचा खुणेचा रेणू म्हणजे क्रिॲटिनिन, आणि तोही सरळ बोलत नाही. तो स्नायूंतून येतो. त्यामुळे काटकुळ्या म्हातारीचे क्रिॲटिनिन मूत्रपिंड बरेच बिघडले तरी ‘नॉर्मल’ दिसू शकते, आणि आदल्या रात्री भरपेट मटण खाल्लेल्या पहिलवानाचे उगाच चढलेले.)

तिसरा पुरावा सर्वांत सुंदर आहे. होमोसिस्टीनच्या परतीच्या वाटेशी निगडित एक जनुक आहे. त्याचा एक प्रकार आई आणि वडील दोघांकडूनही मिळालेल्या माणसांत होमोसिस्टीन जन्मापासून थोडे चढे असते. जनुक चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटले जाते. ते आहार बघत नाही की मूत्रपिंड. निसर्गानेच लावलेला हा प्रयोग. होमोसिस्टीन खरेच कारण असेल तर या माणसांत हृदयविकार जास्त दिसायला हवा. २०१२ मध्ये, तोवर छापून न आलेली माहिती मुद्दाम गोळा करून हे तपासले गेले. सुमारे ४८ हजार रुग्ण आणि ६८ हजार निरोगी माणसे. फरक जवळजवळ शून्य. मात्र छापून आलेल्या अभ्यासांची वेगळी बेरीज केली तर १५ टक्के जास्त जोखीम दिसत होती. ‘काही सापडले नाही’ असे निकाल टेबलाच्या खणात राहतात आणि ‘सापडले’ असे छापले जातात, याचे हे मोजलेले उदाहरण.

चौथी गोष्ट अगदी साधी, आणि आपल्याकडे जास्त लागू पडणारी. रक्त नळीत काढल्यावरही तांबड्या पेशी होमोसिस्टीन बाहेर सोडतच राहतात. नमुना बर्फात ठेवला नाही किंवा पेशी लगेच वेगळ्या केल्या नाहीत, तर आकडा तासाला साधारण दहा टक्क्यांनी चढतो. चक्रवाढ व्याजाचे गणित येणाऱ्या कोणालाही हे करून पाहता येईल: खरा आकडा १३ असेल तर दोन तासांत तो १५.७ होतो. नमुना खेड्यातून मोटारसायकलवरून शहरात येईपर्यंत एक निरोगी माणूस ‘ठळक अक्षरां’त जाऊन बसलेला असतो.

यात पॅकेजचे गणित मिळवा. ‘नॉर्मल’ मर्यादा बहुधा अशा आखतात की निरोगी लोकांपैकी ९५ टक्के त्यांच्या आत यावेत. म्हणजे एका चाचणीत निरोगी माणूस बाहेर पडण्याची शक्यता ५ टक्के. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या तर सगळ्यांत आत राहण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ३६ टक्के. चौसष्ट टक्के धडधाकट माणसांच्या रिपोर्टात एक तरी ठळक आकडा येणारच! प्रत्यक्षात चाचण्या पूर्णपणे स्वतंत्र नसतात, त्यामुळे आकडा थोडा कमी भरेल. मुद्दा बदलत नाही. दहावी-बारावीच्या वर्गात संभाव्यता शिकवताना फाशांऐवजी हे उदाहरण घेऊन पाहावे.

हेच संकट नव्या तंत्रांपुढे मोठ्या प्रमाणावर उभे आहे. वस्तुमानमापक यंत्रांनी आता एका नमुन्यात शेकडो लहान रेणू एकदम मोजता येतात. २००९ मध्ये अशा अकराशेहून अधिक रेणूंतून सार्कोसीन हा रेणू पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाची खूण म्हणून पुढे आला आणि मोठा गाजावाजा झाला. पुढच्या वर्षापासून इतरांनी लघवीत तो तपासला तेव्हा निदानाला त्याचा फारसा उपयोग दिसला नाही. २०११ मध्ये फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासात पाच अमिनो आम्ले मधुमेहाच्या बारा वर्षे आधी चढलेली आढळली. हे काम मोलाचे आहे, कारण त्यातून शरीरात काय बिघडते याचा धागा मिळतो. पण आजाराचा धागा मिळणे वेगळे आणि समोरच्या एका माणसाला ‘तुला मधुमेह होणार’ असे सांगता येणे वेगळे. समजा हजारातल्या वीस जणांना एखादा आजार आहे आणि आपली चाचणी दोन्ही बाजूंनी ९० टक्के बरोबर आहे. ती वीसपैकी अठरा जणांना पकडेल, आणि उरलेल्या ९८० निरोगी माणसांतल्या ९८ जणांनाही पकडेल. पकडलेल्या ११६ जणांत खरे आजारी अठराच.

पुण्याचा आकडा

आता आपल्या घराकडे येऊ. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातले, झोपडवस्तीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मिळून ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ६७ टक्क्यांत बी-१२ कमी होते. ५८ टक्क्यांचे होमोसिस्टीन पंधराच्या वर होते. शहरी मध्यमवर्गात तर हे आकडे ८१ आणि ७९ टक्के. फोलेटची कमतरता मात्र क्वचितच.

पॅकेजमधल्या ‘हृदय’ या शीर्षकाखाली हे आकडे वाचले तर पुण्यातल्या मध्यमवर्गीय पुरुषांपैकी पाचातले चार जण धोक्याच्या रेषेपलीकडे गेले! दोन वाटांच्या चित्राकडे पाहून वाचले तर अर्थ निराळा निघतो: परतीची वाट बी-१२ अभावी तुंबली आहे. बी-१२ वनस्पतींत नसते. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी आणि दूधही बेताचेच असलेल्या घरांत ते कमी पडणार यात नवल नाही. तोच रेणू, तोच पंधराचा आकडा, पण टोरांटोच्या हृदयरुग्णाला तो एक सांगतो आणि सदाशिव पेठेतल्या कारकुनाला दुसरेच.

समजा, पाच जणांचे होमोसिस्टीन १८ आले आहे. एक जण शाकाहारी आहे आणि दूध चहापुरतेच घेतो. दुसऱ्याचे मूत्रपिंड मंदावले आहे. तिसरीला मधुमेहासाठी बरीच वर्षे मेटफॉर्मिन चालू आहे. या औषधाने बी-१२ चे शोषण कमी होते. चौथ्याला ते जनुक मिळाले आहे आणि तो पालेभाज्या खात नाही. पाचवीचे रक्त तीन तास गाडीवर फिरले. पाचांनाही फोलिक ॲसिडची गोळी देऊन आकडा थोडाफार उतरवणे याला ‘वैयक्तिक उपचार’ म्हणणार का? पहिल्या आणि तिसरीच्या बाबतीत तर हे घातकही ठरू शकते. बी-१२ च्या कमतरतेत नुसते फोलिक आम्ल दिले तर रक्तक्षय सुधारतो, त्यामुळे सगळे ठीक चालले आहे असे वाटते, आणि आत चेतातंतूंची हानी चालूच राहते.

या पाचांना वेगळे करायला दुसरा एक लहान रेणू मदतीला येतो, आणि इथे खुणेच्या रेणूंची बाजू पुन्हा उजळ होते. माणसाच्या शरीरात फक्त दोनच विकरांना बी-१२ लागते. एक आपल्या परतीच्या वाटेवरचे. दुसरे विकर वेगळ्याच साखळीत आहे. ते अडले की मिथिलमॅलोनिक आम्ल साठते. या दुसऱ्या विकराला फोलेटशी काही देणेघेणे नाही. म्हणून फोलेट कमी पडले तर एकटे होमोसिस्टीन चढते, आणि बी-१२ कमी पडले तर दोन्ही चढतात. १९९४ मध्ये अमेरिकेत बी-१२ च्या कमतरतेच्या चारशेहून अधिक रुग्णांत हे पडताळून पाहिले गेले. ९८ टक्क्यांत मिथिलमॅलोनिक आम्ल चढलेले होते. मूत्रपिंड मंद असेल तर हाही रेणू चढतो, तेवढे ध्यानात ठेवावे लागते. म्हणजे निदान एका ठळक आकड्यातून होत नाही. दोन आकडे, शेजारी क्रिॲटिनिन, आणि ‘तुम्ही रोज काय खाता?’ हा बिनखर्चाचा प्रश्न, यांची सांगड घातली की होते. मिथिलमॅलोनिक आम्लाची चाचणी महाग आहे आणि लहान गावांत सहज होत नाही. चौथा प्रश्न मात्र कुठेही विचारता येतो, आणि पॅकेजमध्ये नेमका तोच नसतो.

बी-१२ आणि फोलेट यांच्या तोलाचा विषय पुण्याच्या संशोधकांनी पुढे नेला तो आजच्या रुग्णापेक्षा उद्याच्या बाळाकडे पाहून. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू झाला होता. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या आयांचे गरोदरपणात फोलेट चढे पण बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला सर्वांत जास्त विरोध आढळला, म्हणजे मधुमेहाकडे जाणारी पहिली पायरी. गरोदर बाईला लोह आणि फोलिक आम्लाच्या गोळ्या आपण नेमाने देतो, आणि त्या द्यायलाच हव्यात. त्यांत बी-१२ नसते. हा निष्कर्षही संबंधाचाच आहे, कारणाचा नव्हे, आणि होमोसिस्टीनच्या कहाणीने पोळलेल्याने तो तसाच वाचायला हवा. तो तसा वाचला गेलाही. १९९३ नंतर त्या गावांत जन्मलेली मुले २०१२ मध्ये वयात येत होती. त्यांना चिठ्ठ्या टाकून तीन गटांत वाटले गेले: एका गटाला रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२, दुसऱ्याला तेवढेच बी-१२ आणि सोबत इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये व दुधाची प्रथिने, तिसऱ्याला औषध नसलेली गोळी. लोह आणि फोलिक आम्ल सर्वांनाच. होमोसिस्टीन त्यांचेही मोजायचे होते, पण मुख्य मोजमाप ठरले होते ते या मुलींना पुढे होणाऱ्या बाळांचे जन्माच्या वेळचे वजन.